नवीन एसएसडी लावताना काय सेटिंग करायचं आणि नंतर काय निगा राखायची?

पिंपळपान
नमस्कार मंडळी. घरात दोन मशिनी आहेत आणि दोन्हीला एसएसडी (हार्ड डिस्कऐवजी चिपवर डेटा ठेवणारा ड्राइव्ह) लावायचीय. पहिला बाबांचा लॅपटॉप, चौथ्या जनरेशनचा आय-५, ८ जीबी रॅम, आत १ टीबीची हार्ड डिस्क. बाबा बटण दाबून अंघोळीला जातात, परत येतात तेव्हा कुठे तो टॅली उघडण्याच्या लायकीचा झालेला असतो. त्याच्यासाठी २.५ इंची साटा (हार्ड डिस्कच्याच कनेक्टरवर बसणारी) ५०० जीबी घेतलीय. दुसरा माझा डेस्कटॉप, त्यात १ टीबी एनव्हीएमई (मदरबोर्डच्या स्लॉटमध्ये थेट बसणारी वेगवान एसएसडी) टाकणार, विंडोज आणि उबुंटू दोन्ही ठेवायचंय, लग्नाचे फोटो एडिट करायचं काम असतं त्यामुळे रोज बऱ्यापैकी डेटा इकडचा तिकडे होतो.

नेटवर वाचायला गेलो तर डोकंच फिरलं. एक म्हणतो पेजफाइल (रॅम कमी पडली की विंडोज वापरतं ती फाइल) बंद करा, दुसरा म्हणतो इंडेक्सिंग बंद करा, हायबरनेट बंद, सुपरफेच बंद, ब्राउझरची कॅश हार्ड डिस्कवर हलवा, टेम्प फोल्डर रॅममध्ये टाका... एवढं सगळं बंदच करायचं तर एसएसडी घेतली कशाला मी? यातलं खरंच काय करायचं असतं आणि दोन-तीन वर्षांनी स्पीड उतरू नये म्हणून काय बघत राहायचं, जाणकारांनी सांगा. जुनी डिस्क जशीच्या तशी क्लोन करू का विंडोज फ्रेश मारू हा पण प्रश्न आहेच.

तिरपागडा
काही करू नका. लावा आणि विसरून जा. संपला धागा.

रात्रपाळी
तिरपागडा ऐंशी टक्के बरोबर बोलतायत, पण उरलेल्या वीस टक्क्यांतच गाड्या अडकतात म्हणून जरा सविस्तर लिहितो. (सर्व्हर सांभाळायचं काम आहे, रात्री वेळ असतो.)

आधी एक समजून घ्या. फ्लॅश मेमरीत लिहायचं एकक वेगळं आणि पुसायचं एकक वेगळं. लिहिता येतं एका पेजपुरतं, म्हणजे काही केबी, पण पुसायचं झालं तर अख्खा ब्लॉक पुसावा लागतो, तो काही एमबीचा असतो. आणि लिहिलेल्या पेजवर परत तसंच लिहिता येत नाही, आधी पुसलेलं लागतं. म्हणून तुम्ही एखादी फाइल बदलून सेव्ह केली की ड्राइव्ह नवा मजकूर दुसऱ्याच कोऱ्या पेजवर लिहितो आणि जुनं पेज रद्द म्हणून टिपून ठेवतो. मग निवांत वेळी ज्या ब्लॉकमध्ये रद्द पेजं जास्त आहेत त्यातली चालू पेजं दुसरीकडे हलवतो आणि तो ब्लॉक पुसून मोकळा करतो. याला म्हणतात गार्बेज कलेक्शन. या हलवाहलवीमुळे तुम्ही १ जीबी लिहिलं तरी आत प्रत्यक्षात त्यापेक्षा जास्त लिहिलं जातं, ते राइट अँप्लिफिकेशन.

आता गंमत अशी की तुम्ही फाइल डिलीट केली तर ऑपरेटिंग सिस्टिम फक्त स्वतःच्या वहीत खोडते, ड्राइव्हला काहीच सांगत नाही. भाडेकरू खोली सोडून गेला पण मालकाला कुणी कळवलंच नाही असला प्रकार. ड्राइव्ह बिचारा तो मेलेला डेटा जिवंत समजून इकडून तिकडे वाहत बसतो. ट्रिम ही कमांड म्हणजे तो निरोप. विंडोज ७ पासून, म्हणजे २००९ पासून, ती आपोआप जाते. त्यामुळे तुमचं पहिलं काम म्हणजे ट्रिम चालू आहे ना हे बघणं, दुसरं ड्राइव्ह गच्च न भरणं. मी तरी या दोनाच्या वर कशाला फार महत्त्व देत नाही.

विंडोजमध्ये बघायचं असेल तर अ‍ॅडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि टाइप करा एफएसयुटिल बिहेवियर क्वेरी डिसेबलडिलीटनोटिफाय (फोनवरून लिहितोय, कीबोर्ड बदलायचा कंटाळा, सगळं इंग्रजीत टाका). उत्तर ० आलं तर ट्रिम चालू. १ आलं तर बंद. नाव डिसेबल आहे म्हणून उलटं आहे, लोक इथे हमखास गोंधळतात.

पिंपळपान
खूपच छान समजावलंत. मग ती पेजफाइल वगैरे बंद करायची यादी?

रात्रपाळी
ती यादी २००९-१० ची आहे, तेव्हा ३२-६४ जीबीचे ड्राइव्ह असायचे, आतले कंट्रोलर बाळबोध होते आणि लोक जपून जपून वापरायचे. पेजफाइलचं तर खुद्द मायक्रोसॉफ्टनेच विंडोज ७ च्या वेळी लिहिलं होतं की त्यांच्या पाहणीत पेजफाइलचं वाचन लिहिण्याच्या साधारण ४० पट असतं आणि वाचनं बहुतेक बारकी असतात, म्हणजे एसएसडीवर ठेवायला याहून चांगली फाइल नाही. ८ जीबी रॅमच्या मशिनवर पेजफाइल बंद केलीत तर क्रोमच्या पंचवीस टॅब उघडल्यावर टॅली दणकन बंद पडेल आणि बाबांचे बोलणे तुम्हाला खावे लागेल. इंडेक्सिंग, कॅश, टेम्प जिथे आहे तिथे राहू द्या.

हायबरनेटचं मात्र स्वतंत्र बघा. लॅपटॉपवर राहू दे. डेस्कटॉपवर विंडोज आणि उबुंटू दोन्ही आहेत ना, तिथे विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंदच करा, कारण त्यात विंडोज पूर्ण बंद न होता अर्धवट झोपतं आणि उबुंटूमधून ते पार्टिशन उघडायला गेलात की फक्त वाचता येतं, लिहिता येत नाही. पॉवरसीएफजी स्लॅश एच ऑफ एवढी एक कमांड मारली की हायबरनेट आणि फास्ट स्टार्टअप दोन्ही जातं, वर रॅमच्या प्रमाणात काही जीबी जागा सुटते.

झणझणीत
पण डीफ्रॅग (फाइलींचे तुकडे एकत्र लावणं) तर बंद करायचं ना? आमच्या ऑफिसच्या आयटीवाल्याने सगळ्यांच्या मशिनवर ते शेड्यूलच उडवून टाकलंय, म्हणे एसएसडी झिजते.

रात्रपाळी
त्यांना हा धागा दाखवा. विंडोज ८ पासून त्या खिडकीचं नाव ऑप्टिमाइज ड्राइव्हज आहे आणि ड्राइव्ह एसएसडी असेल तर ते डीफ्रॅग नाही, रीट्रिम करतं, म्हणजे सगळ्या मोकळ्या जागेची यादी ड्राइव्हला परत एकदा सांगतं. डिलीट करताना जाणारे ट्रिमचे निरोप कधीकधी ड्राइव्ह कामात असेल तर गळतात, ते यात भरून निघतात. आठवड्याचं शेड्यूल असतं, ते उडवलं म्हणजे ही झाडलोटच बंद केली. फक्त तिथे मीडिया टाइप खाली सॉलिड स्टेट ड्राइव्ह असंच लिहिलंय ना एवढं बघा. क्लोन केलेल्या मशिनवर कधीकधी विंडोज जुन्याच समजुतीत राहतं आणि हार्ड डिस्क दाखवतं, तेव्हा विनसॅट फॉर्मल ही कमांड एकदा चालवली की बहुतेक वेळा ओळखतं.

सिस्टिम रिस्टोअर चालू असेल तर विंडोज अधूनमधून एसएसडीवरही थोडंसं खरं डीफ्रॅग करतं, ते मुद्दामच आहे, फाइलचे फारच तुकडे झाले की फाइल सिस्टिमलाच मर्यादा येतात. दिसलं तर घाबरू नका. हाताने वेगळं सॉफ्टवेअर आणून रोज डीफ्रॅग करणं मात्र निव्वळ झीज.

स्क्रूड्रायव्हर
दुकानदाराचं ऐका आता जरा. लॅपटॉप दुरुस्तीत केस पांढरे झालेत.

पिंपळपान भाऊ, बाबांचा लॅपटॉप चौथ्या जनरेशनचा आहे म्हणजे मेन बेला (हार्ड डिस्कच्या मूळ जागेला) साटा ३ मिळेल, ५५० एमबीच्या आसपास जाईल. काही लोक काय करतात, हार्ड डिस्क आहे तिथेच ठेवतात आणि डीव्हीडी काढून कॅडीत (डीव्हीडीच्या जागी बसणाऱ्या चौकटीत) एसएसडी टाकतात. उलटं करा. एसएसडी मेन जागी आणि हार्ड डिस्क कॅडीत, कारण बऱ्याच मॉडेलला डीव्हीडीचा पोर्ट हळू असतो, आणि कॅडीवरून बूट करताना काही बायोस नखरे करतात ते वेगळंच. कॅडी घेताना डीव्हीडीची जाडी मोजा, ९.५ मिमी आणि १२.७ मिमी अशा दोन येतात, चुकीची आणलीत तर परत फेरी. एसएसडी ७ मिमी जाडीची असते, जुन्या लॅपटॉपची जागा ९.५ ची, तर डब्यात काळी प्लास्टिकची चौकट येते ती फेकू नका, नाहीतर ड्राइव्ह आत खुळखुळतो आणि कनेक्टर सैल होतो.

बायोसमध्ये साटा मोड एएचसीआय (ड्राइव्हशी बोलायची नवी पद्धत, आयडीई ही जुनी) आहे का ते विंडोज टाकायच्या आधी बघा. आयडीईवर राहिलं असेल तर ट्रिमचा भरवसा नाही आणि स्पीड पण मार खातो. विंडोज टाकून झाल्यावर लक्षात आलं तर सरळ बदलू नका, निळी स्क्रीन येईल. आधी एमएसकॉन्फिगमधून सेफ मोड लावा, रीस्टार्ट, बायोसमध्ये एएचसीआय करा, सेफ मोडमध्ये एकदा चालू होऊ द्या म्हणजे ड्रायव्हर उचलतो, मग सेफ मोड काढा. फॉरमॅट मारायची गरज नसते, पण लोकं मारतात आणि आम्हाला पैसे देतात, आमची काही तक्रार नाही.

आणि बॅटरी! जुन्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली असते, लोकं चार्जर लावून डेस्कटॉपसारखा वापरतात. लाइट गेली की खाड्कन बंद. हार्ड डिस्कपेक्षा एसएसडीला हे जास्त लागतं कारण कुठला डेटा कुठे ठेवलाय त्याचा नकाशा तिच्या आतच सतत बदलत असतो, आणि साध्या एसएसडीत लाइट गेल्यावर तेवढं काम पुरं करायला कपॅसिटर नसतात, ते सर्व्हरच्या महागड्या ड्राइव्हमध्ये असतात. माझ्याकडे मेलेल्या एसएसडी येतात त्यातल्या झिजून मेलेल्या फार कमी. काल चालू होती आज बायोसमध्येच दिसत नाही, अशाच जास्त.

पिंपळपान
बाबांच्या लॅपटॉपची बॅटरी खरंच पाच मिनिटं टिकते. घेतो नवीन.

तिरपागडा
त्या लॅपटॉपला विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. लिनक्स मिंट टाका आणि मोकळे व्हा.

पिंपळपान
टॅली आहे हो. वाइनवर (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर) वगैरे बाबांना बसवायची माझी हिंमत नाही.

भर_उन्हात
नागपूरहून लिहून राहिलो. तुम्ही लोक स्पीडच्या गोष्टी करता, इकडे एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या वर जातो, खोलीतच ३८-४० असते कूलर बंद असला की. साटा ड्राइव्हला काही होत नाही, तो गारच असतो. एनव्हीएमई मात्र तापते भाऊ. बहुतेक कंपन्या चालू असतानाची मर्यादा ७० अंश लिहितात, त्याच्या वर जायला लागली की ड्राइव्ह स्वतःच हळू होते, थ्रॉटलिंग म्हणतात त्याला. मग लोक म्हणतात ३५०० एमबी लिहिलं होतं, ९०० च मिळून राहिलं, कंपनीनं फसवलं. कंपनीनं नाही, उन्हानं.

मदरबोर्डसोबत हीटसिंक आली असेल तर लावा. त्याच्या थर्मल पॅडवर पातळ प्लास्टिक असते ते काढायचं असते, मी दोन मित्रांच्या मशिनीत ते तसंच चिकटवलेलं पाहिलंय. ड्राइव्हवरचं स्टिकर काढू नका पण, वॉरंटी जाते, आणि बऱ्याचदा त्यातच तांब्याचा पातळ पत्रा असतो. दोन स्लॉट असतील तर ग्राफिक्स कार्डच्या खालचा टाळा, तिथे सगळी गरम हवा. जेन ४ च्या ७००० एमबीवाल्या ड्राइव्हला तर हीटसिंकशिवाय लावूच नका.

यूपीएस मात्र घेऊन ठेवा, आमच्याकडे वादळ आलं की लाइट तीनदा जाते-येते, ते तीनदा येणंच जास्त खराब.

कॅमेरावेडी
इथेच विचारते, वेगळा धागा काढत नाही. माझ्याकडे १ टीबीची साटा एसएसडी आहे, स्वस्त मिळाली म्हणून घेतलेली. शूटवरून आल्यावर कार्डं रिकामी करताना पहिले काही जीबी झरझर जातात, ४५०-५०० नी, आणि मग एकदम ८० वर येऊन बसते, तेही डुगडुगत. हार्ड डिस्क याहून बरी चालते! ट्रिम चालू आहे, तापमान ठीक आहे. खराब झालीय का?

रात्रपाळी
खराब नाही, ती तशीच आहे. क्यूएलसी असणार. एका सेलमध्ये चार बिट ठेवले की जागा स्वस्तात होते पण लिहिणं फार हळू. म्हणून कंपन्या काही भाग एक-बिटाच्या पद्धतीने वापरून तिथे आधी पटापट लिहून घेतात, त्याला एसएलसी कॅश म्हणतात, आणि नंतर निवांत आत ढकलतात. तुम्ही सलग ओतत राहिलात आणि कॅश भरली की खरा चेहरा दिसतो. सॅमसंगच्या ८७० क्यूव्हीओच्या १ टीबी मॉडेलला कंपनीने स्वतःच लिहून दिलंय, जास्तीत जास्त ४२ जीबी कॅश, त्यानंतर ८० एमबी. लपवलेलं नसतं, पण खोक्यावर मोठ्या अक्षरात ५३० छापलेलं असतं, बारीक अक्षरं कोण वाचतो.

आणि यात अजून एक गोम. बऱ्याच ड्राइव्हची ही कॅश मोकळ्या जागेतून उभी राहते. ड्राइव्ह ९० टक्के भरला की कॅशच उरत नाही. तुमचा किती भरलाय?

कॅमेरावेडी
९३१ जीबीतले ९०६ भरलेत. :(

रात्रपाळी
मग निदान झालं. दीड-दोनशे जीबी हार्ड डिस्कवर हलवा, एकदा ऑप्टिमाइज चालवा, मशीन तासभर चालू ठेवून सोडून द्या म्हणजे आतली हलवाहलव होईल, आणि मग कॉपी करून बघा. पहिला टप्पा बराच लांब जाईल. कॅश संपल्यानंतरचे ८० मात्र ८० च राहणार, त्याला कुठलंही सेटिंग नाही. शूटचं काम असेल तर पुढची टीएलसी (एका सेलमध्ये तीन बिटवाली) घ्या.

पिंपळपान
मी घेतलेली साटा टीएलसी आहे, डीरॅमवाली (डेटाचा नकाशा ठेवायला आत स्वतःची मेमरी असलेली). एनव्हीएमई बिनडीरॅमची आहे, ते फार वाईट का?

रात्रपाळी
एनव्हीएमईत तितकं नाही. ती विंडोज १० पासून आणि लिनक्सवर तुमच्या रॅममधला थोडासा तुकडा उसना घेऊन नकाशा तिथे ठेवू शकते, एचएमबी म्हणतात. साटामध्ये ही सोयच नाही, म्हणून तिथे बिनडीरॅमची स्वस्त एसएसडी भरत आली की फार रडते. तुम्ही निवडलंय ते बरोबर आहे.

पेंग्विनकाकू
उबुंटूचं कुणीच लिहिलं नाही म्हणून मी लिहिते.

उबुंटूत आठवड्यातून एकदा ट्रिम आपोआप होतं, १४.०४ पासून आहे हे. आता सिस्टिमडीचा एफएसट्रिम डॉट टायमर ते करतो. सिस्टिमसीटीएल स्टेटस एफएसट्रिम डॉट टायमर करून तो अ‍ॅक्टिव्ह दिसला की झालं. हाताने करायचं असेल तर सुडो एफएसट्रिम डॅश एव्ही, किती जीबी मोकळं केलं ते पण सांगतं. फस्टॅबमध्ये (ड्राइव्ह कसे जोडायचे ते लिहिलेली फाइल) डिस्कार्ड पर्याय टाका असं जुन्या लेखांत असतं, त्यात प्रत्येक डिलीटला लगेच निरोप जातो, काही ड्राइव्ह त्याने अडखळतात. आठवड्याचा टायमर घरच्या वापराला पुरतो, दोन्ही एकदम लावायची गरज नाही.

नोएटाइमचं (फाइल वाचल्याची वेळ न नोंदवणं) पण विचारतात लोक. कर्नल २.६.३० पासून रिलेटाइम डिफॉल्ट आहे, वाचलेल्या प्रत्येक फाइलची वेळ लिहीत बसायचं मूळ दुखणं तिथेच बरंचसं संपलं. नोएटाइम लावलंत तर लावा, फरक शोधावा लागेल.

खरी मेख एन्क्रिप्शनमध्ये आहे. लक्स (लिनक्सचं डिस्क एन्क्रिप्शन) वापरत असाल तर ट्रिमचा निरोप मधल्या थरात अडतो, क्रिप्टटॅबमध्ये डिस्कार्ड लिहिल्याशिवाय खाली पोचत नाही. लिहिलंत तर बाहेरच्याला डिस्कचा कुठला भाग रिकामा आहे एवढं दिसू शकतं. घरच्या मशिनला मी लिहिते. पोचतंय का ते एलएसबीएलके डॅश डॅश डिस्कार्ड मध्ये बघायचं, डिस्क-ग्रॅन आणि डिस्क-मॅक्सच्या खाली शून्य दिसली तर ट्रिम जात नाहीये. यूएसबी एन्क्लोजरमधल्या एसएसडीला पण हाच प्रकार, पुष्कळ स्वस्त डबे ट्रिम पुढे पाठवतच नाहीत. तसल्या ड्राइव्हला वर्षातून एकदा आतून काढून थेट जोडून ट्रिम मारते मी.

झणझणीत
टीबीडब्ल्यू (एकूण किती टीबी लिहिता येईल तो आकडा) बद्दल कुणी सांगेल का? माझ्यावर १८० लिहिलंय. १८० टीबी लिहून झालं की बंद पडणार का?

पेंग्विनकाकू
तो वॉरंटीचा आकडा आहे. तेवढं लिहून होईपर्यंत किंवा वॉरंटीची वर्षं संपेपर्यंत, जे आधी होईल तोवर कंपनी जबाबदार. रोज २० जीबी लिहिलंत, जे साध्या वापराला भरपूर आहे, तर वर्षाला ७.३ टीबी. १८० ला भागा, २४ वर्षांच्या वर येतं. तोवर साटा पोर्ट शोधावा लागेल.

द टेक रिपोर्ट नावाच्या साइटने २०१३ ते २०१५ सहा ड्राइव्हवर मरेपर्यंत लिहीत राहायचा प्रयोग केला होता. सगळे २४०-२५६ जीबीचे. सॅमसंगचा ८४० प्रो २.४ पेटाबाइट लिहून मग गेला. पण त्यातली दुसरी गोष्ट जास्त लक्षात ठेवण्यासारखी आहे, इंटेलचा ३३५ मर्यादा आल्यावर ठरल्याप्रमाणे रीड-ओन्ली झाला, आणि रीस्टार्ट केल्यावर दिसेनासाच झाला. म्हणजे झिजल्यावर डेटा वाचता तरी येईल या आशेवर राहू नका.

स्क्रूड्रायव्हर
+१. आणि हार्ड डिस्क जाताना आवाज करते, हळू होते, दोन दिवस देते. एसएसडी देत नाही. डिलीट झालेला डेटा पण, ट्रिम गेलं की रिकव्हरी सॉफ्टवेअरला नुसती शून्यं मिळतात. गिऱ्हाइकाला पटत नाही, त्यांना वाटतं आम्हाला येत नाही. बाबांच्या टॅलीचा बॅकअप रोज पेनड्राइव्हवर किंवा क्लाउडवर जातोय ना ते आधी बघा, मग स्पीड बघा.

पिंपळपान
अपडेट. लॅपटॉपला फ्रेश विंडोज टाकलं, क्लोनच्या भानगडीत पडलो नाही. मेन बेमध्ये एसएसडी, हार्ड डिस्क कॅडीत, एएचसीआय होतंच, ट्रिमचं उत्तर ०. नवी बॅटरी आली. बाबा आता अंघोळ आधी उरकतात.

डेस्कटॉपला एनव्हीएमई लावली, क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये हेल्थ १०० टक्के. आता यातले कुठले आकडे बघत राहायचे? आणि ओव्हर-प्रोव्हिजनिंगसाठी (ड्राइव्हला आतल्या कामासाठी राखीव जागा) १० टक्के जागा पार्टिशन न करता सोडू का?

रात्रपाळी
पार्टिशन केलेलं नसलं काय आणि केलेलं असून रिकामं असलं काय, ट्रिम चालू असेल तर ड्राइव्हला सारखंच. फरक माणसाला पडतो. जागा दिसली की माणूस भरतो. स्वतःवर भरवसा नसेल तर १० टक्के सोडा, असेल तर नुसतं १५-२० टक्के रिकामं ठेवा.

एनव्हीएमईत चार ओळी बघा. पर्सेंटेज यूज्ड हळूहळू वाढणारच, १०० झाला तरी चालू राहू शकतो. अव्हेलेबल स्पेअर १०० वरून खाली यायला लागला तर मात्र कान टवकारा. मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स शून्यच हवेत, वाढले की बॅकअप घेऊन वॉरंटीत टाका. अनसेफ शटडाउन्स म्हणजे लाइट जाऊन खाड्कन बंद पडण्याचा हिशेब. स्मार्टसीटीएलने (ड्राइव्हची तब्येत दाखवणारी कमांड) बघत असाल तर डेटा युनिट्स रिटनचा एक युनिट ५,१२,००० बाइटचा धरा, म्हणजे दोन कोटी युनिट म्हणजे साधारण १० टीबी.

साटा ड्राइव्हला अजून एक, यूडीएमए सीआरसी एरर काउंट. तो वाढत असेल तर दोष बहुतेक वेळा ड्राइव्हचा नसतो, केबल किंवा कनेक्टरचा असतो.

भर_उन्हात
केबलवरून आठवलं, डेस्कटॉपमध्ये एम-टू स्लॉट (एनव्हीएमई बसते तो) वापरला की काही बोर्डांवर एक-दोन साटा पोर्ट बंद पडतात. मॅन्युअलमध्ये बारीक लिहिलेलं असते. माझ्या भावानं जुनी डिस्क मेली समजून फेकायला काढली होती.

तिरपागडा
फर्मवेअर (ड्राइव्हच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करायचं का? माझं मत, चालतंय ते चालू द्या.

रात्रपाळी
इथे मात्र मी तुमच्या विरुद्ध. बायोसचं ते मत ठीक आहे, एसएसडीचं नाही. क्रूशियलच्या एम४ मध्ये ५१८४ तास चालल्यावर दर तासाला मशीन अडकायचं, २०१२ मध्ये फर्मवेअरने दुरुस्त झालं. २०१४ मध्ये सॅमसंगच्या ८४० ईव्हीओवर जुन्या पडून राहिलेल्या फाइली वाचायला फार हळू व्हायच्या, नव्या फाइली एकदम ठीक, ते पण फर्मवेअरनेच. २०१९ मध्ये एचपीईने कळवलं की त्यांचे काही सर्व्हरचे ड्राइव्ह ३२,७६८ तास पूर्ण झाले की कायमचे बंद पडतील, अपडेट करा. ३२,७६८ हा आकडा बघून प्रोग्रामरना काय झालं असेल ते कळेलच. एकाच दिवशी चालू केलेले रेडमधले (अनेक ड्राइव्ह एकत्र जोडलेल्या संचातले) सगळे ड्राइव्ह एकाच तासाला गेले असते, विचार करा.

म्हणून वर्षातून दोनदा कंपनीचं सॉफ्टवेअर उघडून बघायचं. आधी बॅकअप, चार्जर लावलेला, मधे बंद नाही करायचं.

लिमरिकवासी
मी आयर्लंडमध्ये असतो, पुण्याच्या घरी एक एक्स्टर्नल एसएसडी कपाटात ठेवून आलोय, सगळे जुने फोटो त्यावर. दीड-दोन वर्षांनीच येणं होतं. कुठेतरी वाचलं की वीज न मिळता पडून राहिली की डेटा उडतो?

पेंग्विनकाकू
पूर्ण खोटं नाही. जेडेक या मेमरी उद्योगातल्या संस्थेचा मानक आहे, घरगुती एसएसडीने तिचं ठरलेलं लिहिणं संपल्यानंतर, विजेशिवाय, ३० अंशाला एक वर्ष डेटा धरला पाहिजे. सर्व्हरच्या ड्राइव्हला ४० अंशाला तीन महिने. नीट वाचा, हे झिजून झालेल्या ड्राइव्हचं आहे. तुमची फारशी न वापरलेली असेल तर याहून बरंच जास्त टिकते. पण तापमान वाढलं की हा काळ घटतो, आणि पुण्यात उन्हाळ्यात बंद घरातलं वरच्या मजल्यावरचं कपाट म्हणजे ३० नक्कीच नाही.

कपाटात ठेवायला हार्ड डिस्क घ्या. एसएसडी कामाला ठेवा. आणि घरी कुणी असेल तर त्यांना सांगा, अधूनमधून लॅपटॉपला लावून काही तास चालू ठेवा, नुसती लावून लगेच काढू नका, फायली उघडून वाचल्या जायला हव्यात.

लिमरिकवासी
आईला सांगतो. ती फोटो बघत बसेल, दोन्ही कामं होतील.

कॅमेरावेडी
२१० जीबी हलवले, ऑप्टिमाइज केलं, रात्रभर चालू ठेवलं. आज ६४ जीबीचं कार्ड रिकामं केलं, निम्म्याच्या पुढपर्यंत जोरात गेलं आणि मग ८० वर. म्हणजे सांगितलं तसंच. पुढच्या महिन्यात टीएलसी. ही जुनी विकते मग, फॉरमॅट मारून दिली तर चालेल ना?

स्क्रूड्रायव्हर
क्विक फॉरमॅटवर विसंबू नका. ड्राइव्ह थेट साटाला असेल आणि ट्रिम चालू असेल तर बहुतेक जातं, पण गिऱ्हाइकांचे फोटो आहेत तुमच्याकडे. कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा बायोसमध्ये सिक्युअर इरेज असतं ते वापरा. ते ड्राइव्हलाच सांगतं सगळं पुसून टाक, राखीव जागेतलं पण. अख्खी डिस्क शून्यांनी भरायची जुनी पद्धत इथे कामाची नाही, वेळ जातो, झीज होते, आणि राखीव ब्लॉकना ती पोचतच नाही.

पेंग्विनकाकू
लिनक्सवरून साटाला एचडीपार्म, एनव्हीएमईला एनव्हीएमई फॉरमॅट डॅश डॅश एसईएस इक्वल्स १. फ्रोझन असा संदेश आला तर मशीन एकदा स्लीप करून उठवायचं, बहुतेक वेळा सुटतं. बाकीच्या सगळ्या डिस्क आधी काढून ठेवा, एसडीए आणि एसडीबी या डिस्कच्या नावांमध्ये एका अक्षराचाच फरक असतो.

झणझणीत
वाचनखूण साठवली. आयटीवाल्याला लिंक पाठवलीय, बघू काय म्हणतो.

तिरपागडा
तो म्हणेल, काही करू नका, लावा आणि विसरून जा.

झणझणीत
उत्तर आलं. शेड्यूल परत चालू केलंय त्याने, पण हार्ड डिस्कवाल्या मशिनींवर. एसएसडीवाल्यांना अजून बंदच. रात्रपाळी, तुम्हीच लिहा हो त्याला दोन ओळी.